भाजपचा जुना मतदार नाराज असेल तर त्याने तिसऱ्या पक्षाला मत द्यावं का? की ते मत वाया जातं?

द्यावं. मी दिलंय, आणि त्याचे टोमणे २०१७ पासून दर चवथीला (गणेश चतुर्थीला) गणपतीवर बांधलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली बसून ऐकतोय. म्हणून गोव्यातून हे उत्तर.

आमची आई मराठी प्राथमिक शाळेतली शिक्षिका. घरात संघाचं वातावरण, कळायला लागल्यापासून कमळ. २०११ मध्ये काँग्रेस सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं, तेव्हा निवृत्त झालेली आई गुडघेदुखी विसरून मोर्चाला गेली होती. भाजप तेव्हा अनुदानाच्या विरोधात होता. २०१२ ला ४० पैकी २१ जागा घेऊन तो सत्तेवर आला आणि डायोसेसनच्या, म्हणजे चर्चच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच राहिलं. संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकर यावर उघड बोलत राहिले, तर ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनाच पदावरून दूर केलं. मग त्यांनी गोवा सुरक्षा मंच काढला, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) आणि शिवसेनेशी युती केली. मी युतीचं काम धरलं. भावोजी भाजपचे पक्के. ताईने दोघांनाही सांगितलं, राजकारण चपलांबरोबर बाहेर ठेवून घरात यायचं.

४ फेब्रुवारी २०१७ ला विधानसभेचं मतदान. (मतदारसंघ सांगत नाही, गाव लहान आहे, लगेच ओळखतील.) तिठ्यावर रस्त्याच्या एका बाजूला माझं टेबल, समोर भावोजींचं. त्यांच्या टेबलाशी दहा पोरं, माझ्याकडे मी आणि एक निवृत्त मास्तर. नऊच्या सुमारास भावोजींनी पातळभाजी आणि पाव पाठवले, वर निरोप : "खा, संध्याकाळपर्यंत दुसरं काही मिळायचं नाही." खाल्ले. राग पावावर कशाला काढा.

आई अकराला आली. दोन्ही टेबलांकडे न बघता सरळ आत गेली. त्या वेळी गोव्यात सगळ्या केंद्रांवर पहिल्यांदाच व्हीव्हीपॅट होतं, काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते ते. बाहेर आली ती वैतागूनच. "चष्मा काढून लावेपर्यंत कागद पडला की रे खाली!" कुणाला दिलंस म्हणून विचारलं, तर म्हणे, "मास्तरणीला पेपर फोडायला सांगतोस?" भावोजी आजही छातीठोक सांगतात की आईने कमळच दाबलं. मला तसं वाटत नाही. ती अजूनही बोलत नाही.

निकालात आमचा उमेदवार तिसरा. भाजपचा पडला तो आम्हाला मिळालेल्या मतांपेक्षा कमी फरकाने. झालं! "तुझ्यामुळे काँग्रेस आली," हे वाक्य तेव्हापासून आमच्या घरात आरतीनंतर म्हटलं जातं.

आता भावोजींना जे तोंडावर सांगता येत नाही ते इथे लिहितो. राज्यात काँग्रेस १७, भाजप १३, मगो ३, मंच शून्य. तिसऱ्या दिवशी भाजपच्या मनोहर पर्रीकरांचा मुख्यमंत्री म्हणून शपथविधी झाला आणि आमच्या युतीतला मगो त्याच मंत्रिमंडळात जाऊन बसला. मे २०१९ मध्ये पणजीच्या पोटनिवडणुकीत वेलिंगकर स्वतः उभे राहिले, मतं पडली पाचशेच्या आसपास. भाजपने पंचवीस वर्षांची पणजी १,७५८ मतांनी गमावली. वेलिंगकरांची सगळी मतं भाजपच्या पारड्यात टाकली असती तरी ते १,७५८ भरून निघाले नसते. आणि काँग्रेसचे निवडून आलेले बाबूश मोन्सेरात जुलैत काँग्रेसच्या आणखी नऊ आमदारांसकट भाजपमध्ये गेले. भावोजी, काँग्रेसला अडवायला म्हणून पणजीत ज्यांनी कमळ दाबलं, त्यांच्या मताचं काय झालं? ते वाया गेलं म्हणून कुणी त्यांच्या घरी आरतीनंतर बोलतं का?

तेव्हा प्रश्नकर्ते, मतं फुटतील या धाकाने पक्षाशी बांधून राहू नका. तुम्ही कुठेच जाणार नाही याची खात्री असली की तुमची कामं यादीत सगळ्यात खाली जातात. फक्त तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला दारात उभा करून विचारा, निकालानंतर कुठे बसणार? आम्ही हे मगोला विचारलं नाही. डिसेंबर २०१६ पर्यंत ते भाजपबरोबरच सरकारात होते, त्यामुळे परतीची वाट त्यांना पाठ होती, हे आमच्या ध्यानात यायला हवं होतं.

हेही लिहायला हवं की गोव्याचे मतदारसंघ पंचवीस-तीस हजार मतदारांचे. इथे दोन वाडे रुसले तरी उमेदवार घरी येतो. लोकसभेला हा हिशोब चालेल असं मी म्हणत नाही, तिथे मीही २०१९ ला कमळच दाबलं. भावोजींना माहीत नाही.

आणि हो, तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो : माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाते. गावातली मराठी शाळा पटसंख्येअभावी बंद झाली, हे एक कारण. बायकोने ठरवलं, हे दुसरं. भावोजी हा मुद्दा चवथीच्या नेवऱ्या (करंज्या) संपत आल्या की काढतात, आणि तेव्हा मी पाणी आणायला आत जातो.