पहिली कसोटी वानखेडेवर: कधी जायचं, कुठे बसायचं

नाशिकहून येताय, सोबत नऊ वर्षांचा मुलगा आणि अडुसष्टीचे वडील, तिघांचीही मैदानातली पहिलीच मॅच, त्यात कसोटी. कुठला दिवस, कुठला स्टँड आणि सोबत काय न्यायचं, हे तुम्ही विचारलंय. मी वानखेडेवर बऱ्याच मॅचेस पाहिल्यात, त्या हिशेबाने सांगतो.

दिवस पहिला किंवा दुसराच घ्या. चौथ्या-पाचव्याच्या भानगडीत पडू नका. २०२४ च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडविरुद्धची कसोटी तिसऱ्याच दिवशी आटोपली. जिंकायला १४७ हवे होते आणि आपण १२१ मध्ये गारद. माझा पहिला पसंतीचा दिवस दुसरा, कारण तेव्हा बहुतेक वेळा दोन्ही संघांची फलंदाजी बघायला मिळते. पहाटे निघून पोहोचू म्हणाल, तर पंचवटी एक्सप्रेसने साडेनऊची पहिली ओव्हर मिळणार नाही. आदल्या रात्रीच मुंबईत या.

बसायचं कुठे, हे तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. साइटस्क्रीनच्या अंगाला, म्हणजे बोलरच्या मागे बसलात तर चेंडू कुठे वळला, किती स्विंग झाला ते दिसतं. बाजूला बसलात तर लाइन कळत नाही, पण टप्पा आणि उसळी कळते. पहिल्या वेळेला मी बोलरच्या मागचीच जागा घेईन. दुसरं म्हणजे ऊन. दुपारनंतर सूर्य समुद्राच्या बाजूला उतरतो, त्यामुळे पश्चिमेकडच्या स्टँडला सावली येते आणि समोरच्या, रेल्वेकडच्या बाजूला ऊन थेट तोंडावर. वरच्या मजल्यावरून फील्डिंग नकाशासारखी दिसते, पण पायऱ्या खूप आहेत. वडिलांचे गुडघे कसे आहेत ते बघून ठरवा.

आता खरी गोष्ट. टीव्हीवर मॅच बघायची आपल्याला इतकी सवय असते की मैदानात गेल्यावरही डोळे मोठ्या स्क्रीनवरच जातात. माझा पहिला अर्धा दिवस असाच वाया गेला. समालोचन नाही, कोण बॉलिंगला आलंय ते कळत नाही, आणि मागचे एक काका मोबाईलवर मॅच बघत होते. विकेट पडून सगळे नाचून खाली बसले की त्यांच्या फोनमधून ‘आउट!’ यायचं.

त्यापेक्षा मुलाला एक काम द्या. दोन ओव्हर चेंडूकडे बघायचंच नाही, फक्त कीपर कुठे उभा राहतो ते बघायचं. वेगवान बोलरला तो किती मागे जातो, हे टीव्हीवर नीट कळतच नाही. मग बोलर धावायला लागला की सगळे फील्डर दोन-चार पावलं आत येतात, ते. आणि आवाज. लांब बसलात तर बॅट फिरलेली आधी दिसते, ‘टॉक’ मागून येतो. शंभर मीटरला पाव सेकंदाहून थोडा जास्त फरक पडतो. पोराला शाळेत शिकवलेलं प्रकाश-ध्वनीचं प्रकरण तिथे फुकटात कळेल.

४ डिसेंबर २०२१ ला मी तिथे होतो. समोर न्यूझीलंडचा फिरकी बोलर एजाज पटेल, मुंबईत जन्मलेला, लहानपणीच तिकडे गेलेला. सिराजने उंच मारला आणि चेंडू वर असतानाच आमच्या रांगेतली माणसं उभी राहिली होती. रचिन रवींद्रने झेल घेतला आणि डावातले दहाच्या दहा बळी एजाजचे झाले. इंग्लंडचा जिम लेकर आणि आपला अनिल कुंबळे यांच्यानंतर कसोटीत तिसराच. आपला डाव संपला होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. वडिलांना अशाच गोष्टी आवडतील असं वाटतं.

सामानाचं थोडक्यात. पाण्याची बाटली, पॉवरबँक, छत्री, बॅग, कधीकधी सुटी नाणीसुद्धा गेटवर अडवतात. तिकिटासोबतचे नियम वाचा आणि खिशात मावेल तेवढंच न्या. माझ्या मेहुण्याची पॉवरबँक दिवसभर एका वडापाववाल्याच्या गाडीवर राहिली होती, परत मिळाली हे त्या माणसाचे उपकार. टोपी मात्र हवीच. वडिलांची औषधं मूळ पाकिटात आणि सोबत चिठ्ठी.

परतताना मरीन लाइन्स जवळ वाटलं तरी चर्चगेटलाच जा. गाडी तिथूनच सुटते, वडिलांना बसायला मिळेल.

आणि एक सुचवू? त्याआधी एकदा नाशकातच रंगीत तालीम करा. गोल्फ क्लबच्या, म्हणजे अनंत कान्हेरे मैदानावर महाराष्ट्राचे रणजी सामने होतात, तेव्हा लक्ष ठेवा. गर्दी कमी, सीमारेषा हाताशी, फील्डर एकमेकांना काय बोलतात तेही ऐकू येतं. त्यातलं सगळंच नऊ वर्षांच्या मुलाने ऐकण्यासारखं असतं असं नाही, तेवढं सांभाळा.