ठळक म्हणा, पण बारीक म्हणू नका

प्रश्न आलाय की क्लॅरेंडन हा इंग्रजी टाइप (छपाईच्या अक्षरांचं एक वळण) 'ठळक पण बारीक' आहे असं वाचलं, ते बरोबर का, आणि तो वापरायचा कुठे?

ठळक बरोबर, बारीक साफ चूक. छपाईत बारीक टाइप म्हणजे लहान टाइप, औषधाच्या खोक्यावर असतो तसला. क्लॅरेंडन अंगाने चांगला जाड, फक्त रुंदीला कमी, म्हणून अरुंद म्हणा नाहीतर चिंचोळा म्हणा. 'निमुळता' तर अजिबात नको, निमुळती वस्तू टोकाकडे बारीक होत जाते. आणि साधा फॉन्ट कॉम्प्युटरवर दोन्ही बाजूंनी दाबला की अरुंद टाइप होत नाही हो, उभे दांडे बारीक होतात, आडवे तसेच जाड राहतात आणि अक्षराचा तोलच जातो. अरुंद अक्षर मुळात अरुंदच कोरावं लागतं.

कोरणं म्हटलं की मला टंक आठवतोच. टंकलेखन हा शब्द मशीनच्या टकटक आवाजावरून आला असं लोक अजून ठोकून देतात, ते मला बिलकुल मान्य नाही. संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी आणि टंक म्हणजे ठसा मारलेलं नाणं, टाइपरायटरच्या कितीतरी शतकं आधीपासून. त्यातूनच टांकसाळ, त्यातूनच पाथरवटाची टाकी. माझं तर मत आहे की देव्हाऱ्यातला टाकही याच घरातला, कारण तोही धातूच्या पत्र्यावर ठसा ठोकून उठवलेला, आणि लिहायचा टांकही. जुना टाइप कसा व्हायचा बघा, पोलादी पंचावर, म्हणजे ठसा ठोकायच्या दांडीच्या टोकावर, अक्षर कोरायचं, तो पंच तांब्यात ठोकायचा, मग त्या साच्यात शिसं ओतायचं. छिन्नी आणि ठसा, टंकाचे दोन्ही अर्थ एका कामात आले, याहून चपखल शब्द टाइपला दुसरा कुठला मिळणार!

क्लॅरेंडनचे पंच लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत, म्हणजे टाइप ओतायच्या कारखान्यात, 1845 साली बेंजामिन फॉक्सने कोरले, तिथला एक मालक रॉबर्ट बेस्ली. नक्कल होऊ नये म्हणून घाटाची नोंदणी केली, पण तिचं संरक्षण फक्त 3 वर्षांचं, ते संपल्यावर बाकीच्या फाउंड्र्यांनी सरळ नकला काढल्या. आज क्लॅरेंडन म्हणून जो ऐसपैस रुंद फॉन्ट दिसतो तो बराचसा 1953 च्या हर्मान आयडेनबेन्झच्या घाटाचा, म्हणून मूळचा अरुंद होता हे कुणाच्या लक्षात येत नाही. सेरिफ म्हणजे दांड्याच्या टोकाची आडवी पट्टी, क्लॅरेंडनमध्ये ती जाड असते आणि दांड्याला वळण घेऊन मिळते. आपल्या शिरोरेखेला सेरिफ म्हणणारेही भेटतात, तसं म्हणू नका, शिरोरेखा अक्षरं जोडते, सेरिफ एकेका दांड्याचं टोक बांधतं.

हां, वापराचं राहिलंच. कोशातला मुख्य शब्द, कारण कॉलम अरुंद असतो आणि शब्द तर पटकन सापडायला हवा. वेळापत्रकातली गावांची नावं, एका ओळीत बसवायचे लांब मथळे. सलग मजकूर यात लावू नका, आणि फार लहान आकारात तर नकोच, आधीच चिंचोळ्या अक्षरांची पोटं, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, शाईने भरून जातात.