लकी ड्रॉमध्ये कार लागली, पण ठेवायची नाहीये : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सासूबाईंना खरेदीच्या कुपनवर लकी ड्रॉमध्ये कार लागलीये, एकदम कोरी, बिलाची किंमत ८ लाख. घरात एक गाडी ऑलरेडी आहे, सासूबाई चालवत नाहीत, त्यामुळे विकायचंच ठरलंय. पण आयोजक म्हणतात आधी २ लाख ४० हजार भरा मग चावी. सासूबाईंचं वय ७१, पेन्शन नाही, थोडंफार एफडीचं व्याज येतं, आजवर कधी रिटर्न भरलेलं नाही, मग त्यांना टॅक्स कसला? नंतर रिफंड मिळेल ना? आणि त्यांच्याकडे लायसन्स नाही, तर गाडी त्यांच्या नावावर होते का?

उत्तर : सगळ्यात आधी सासूबाईंचं अभिनंदन! आता सोपं आधी सांगते. गाडी नावावर करायला लायसन्स लागत नाही, चालवायला लागतं. नावाचा, पत्त्याचा पुरावा आणि पॅन असलं की झालं.

टॅक्सचं मात्र तुम्ही समजताय तसं नाहीये, आणि इथेच बहुतेक घरांचा हिशोब चुकतो. लॉटरी, लकी ड्रॉ, टीव्हीवरचे गेम शो यातून जे मिळतं त्यावर सरसकट ३० टक्के टॅक्स आहे, मग जिंकणारा कॉलेजातला मुलगा असो नाहीतर ७१ वर्षांच्या आजी असोत. एरवी ठराविक उत्पन्नापर्यंत टॅक्स नसतो, सीनियर सिटिझनना थोडी जास्त सूट असते, ते काहीच इथे धरत नाहीत. एलआयसी, पीपीएफ दाखवून कमी होत नाही, कुपनसाठी किती हजारांची खरेदी केली तेही वजा होत नाही. १९६१ च्या कायद्यात हे कलम ११५बीबी आणि टीडीएससाठी (म्हणजे देणाऱ्याने आधीच कापून भरायचा टॅक्स) १९४बी होतं, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आणि कलमांचे नंबर बदलले, पण ३० टक्के ते ३० टक्केच. त्यामुळे रिफंडची आशा खरंच धरू नका, मला हे लिहिताना वाईट वाटतंय पण आत्ताच कळलेलं बरं.

बक्षीस रोख असतं तर आयोजकांनी टॅक्स कापून उरलेले हातात दिले असते. गाडी कापून देता येत नाही ना, म्हणून कायदाच सांगतो की वस्तू द्यायच्या आधी तिचा टॅक्स भरला गेलाय याची खात्री आयोजकांनी करायची. काही आयोजक तो स्वतःच्या खिशातून भरतात, तुमचे भरत नाहीयेत असं दिसतंय, तरी एकदा विचारून बघा आणि स्कीमच्या अटी नीट वाचा. पैसे द्यायचेच असतील तर आयोजकांच्या नावावरच्या बँक खात्यात द्या, पावती घ्या आणि सासूबाईंच्या पॅनवर टीडीएस सर्टिफिकेट मिळणारच हे लिहून घ्या. त्या वर्षीचं रिटर्न भरावंच लागेल, लॉटरीचं उत्पन्न असलं की साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो, आणि टॅक्सवर ४ टक्के सेस वेगळा असल्याने अजून ९,६०० रुपये निघतील. म्हणजे एकूण २,४९,६००.

आता खरा हिशोब बघा. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे साधारण ८८ हजार, तो आयोजकांनी भरला तर ठीक नाहीतर तुमच्याच डोक्यावर. इन्शुरन्सचंही तेच. समजा गाडी पुढे ७ लाखांना गेली तर यातून सगळं जाऊन हातात साडेतीन लाखांच्या आसपास राहतील. कमी नाहीत, चांगलेच पैसे आहेत! पण घरात सगळे ८ लाख धरून बसले असतील, कोणाला घराचं काम काढायचंय कोणाला कर्ज फेडायचंय, तर हा आकडा आधी सगळ्यांना बसवून सांगा. आणि हो, ७ लाखांना विकली म्हणून टॅक्स ७ लाखांवर होत नाही, तो बक्षिसाच्या किमतीवरच. उलट विकून जे येतील त्यावर पुन्हा टॅक्स नाही, कारण घरगुती वापराची गाडी ही भांडवली मालमत्तेत धरत नाहीत. ते पैसे सासूबाईंनी मुलाला दिले तरी आईकडून आलेल्या पैशांवर मुलाला टॅक्स लागत नाही.

प्रश्न : मलाही स्पर्धेत गाडी लागलीये. नावावर न करता डायरेक्ट गिऱ्हाइकाच्या नावावर पासिंग करता येईल का? म्हणजे त्याला फर्स्ट ओनर राहता येईल आणि भाव चांगला येईल.

उत्तर : फार चांगला प्रश्न, आणि तो योग्य वेळी विचारलात, कारण नंबर पडायच्या आधीच याचा काही उपयोग आहे. एकदा आरसीवर तुमचं नाव चढलं की गाडी १० किलोमीटर चालली असली तरी पुढचा माणूस सेकंड ओनरच.

सगळा खेळ इनव्हॉइसवर आहे. डीलरने बिल अजून फाडलं नसेल तर आयोजक आणि डीलर दोघांशी बोलून ते दुसऱ्याच्या नावावर करायला तयार आहेत का विचारा. बऱ्याच स्कीममध्ये 'बक्षीस हस्तांतरणीय नाही' अशी अट असते, मग विषय संपला. तयार झालेच तर सगळं लेखी घ्या, आणि लक्षात ठेवा की गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली तरी बक्षीस तुम्ही जिंकलंय, ३० टक्के तुमच्याच पॅनवर.

अजून दोन गोष्टी विचारा, विचारायला काही जात नाही. गाडीऐवजी रोख मिळेल का, कमी मिळाली तरी डोक्याला ताप वाचतो. आणि डीलर तीच गाडी परत घेईल का, खासकरून त्या मॉडेलला वेटिंग असेल तर. माझं स्पष्ट मत आहे की जो काही जोर लावायचा तो याच टप्प्यावर लावा, फोटो काढून चावी हातात घेतल्यावर तुमचं कोणी ऐकणार नाही.

गाडी विना नंबरची रस्त्यावर काढून गिऱ्हाइकांना दाखवत फिरू नका, रजिस्ट्रेशनशिवाय गाडी चालवता येत नाही.

प्रश्न : गाडी फक्त ४० किलोमीटर चाललीये, सीटवरचं प्लास्टिकपण काढलेलं नाही, तरी लोक दीड-दोन लाख कमी करून मागतायत. हे लुटणंच नाही का?

उत्तर : तुमचा वैताग समजतो, पण गिऱ्हाइकाच्या जागी बसून बघा. तो शोरूममध्ये गेला तर त्याला डिस्काउंट मिळतो, एक्स्चेंज बोनस मिळतो, रंग स्वतः निवडता येतो, नव्या गाडीच्या व्याजाने लोन मिळतं. तुमच्याकडून घेतली तर बँक तिला जुनी गाडी धरते आणि व्याज जास्त लावते, शिवाय पुढे विकताना तो सेकंड ओनर. म्हणून तुमची किंमत एक्स-शोरूमशी लावू नका, आज शोरूममधून तीच गाडी डिस्काउंट जाऊन कितीला पडते त्याच्याशी लावा, आणि तिथून खाली या. रोड टॅक्स आणि इन्शुरन्स भरलेलं असेल तर ते मात्र किमतीत जरूर धरा, नव्या गाडीचा थर्ड पार्टी इन्शुरन्स ३ वर्षांचा असतो, त्याचा फायदा गिऱ्हाइकाला मिळणारच आहे.

एक गोष्ट जाऊन आत्ताच बघा. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीत किंवा बॉनेट उघडल्यावर एक पट्टी दिसेल, तिच्यावर चॅसिस नंबरसोबत गाडी कधी बनली तो महिना आणि साल असतं. बक्षिसाची गाडी कधीकधी दुकानासमोर किंवा स्टेजवर कितीतरी महिने उभी असते आणि तुम्हाला वाटतं नवी, पण साल मागचं निघालं तर जाणकार माणूस तिथेच भाव पाडतो. बॅटरी पण उतरलेली असू शकते, टायरची हवा बघा. मागचं साल असेल तर लपवू नका, पट्टी त्यालाही दिसते. आणि वाट बघत बसण्यात अर्थ नाही, इन्शुरन्सवाले पण गाडीची किंमत पहिल्या ६ महिन्यांत ५ टक्के आणि एका वर्षापर्यंत १५ टक्के उतरवतात, बाजार तर त्याहून निर्दयी आहे. त्याच मॉडेलसाठी वेटिंगवर असलेला माणूस सापडला तर सोडू नका, चांगला भाव तोच देईल.

प्रश्न : गिऱ्हाईक पूर्ण रोख द्यायला तयार आहे, म्हणतोय आरसी ट्रान्सफर सावकाश करू, फॉर्मवर सह्या करून द्या. ओळखीतला आहे, काय करू?

उत्तर : दोन्हीला नाही म्हणा, ओळखीतला असला तरी.

एका व्यवहारात एका माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, आणि दंड घेणाऱ्याला बसतो, जेवढी रोख घेतली तेवढाच. म्हणजे तुम्हाला! तुकडे करून घेतले तरी व्यवहार एकच धरतात. आरटीजीएस किंवा डिमांड ड्राफ्ट घ्या, आणि पैसे खात्यात दिसल्याशिवाय गाडी देऊ नका, स्क्रीनशॉटवर तर अजिबात नको.

आरसीचं तर त्याहून गंभीर. आरटीओच्या रेकॉर्डला ज्याचं नाव तो मालक, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या केसमध्ये हेच सांगितलं, गाडी पुढे हातोहात विकली गेली होती तरी भरपाईची जबाबदारी रेकॉर्डवरच्या मालकावरच ठेवली. उद्या त्याने कोणाला उडवलं तर नोटीस तुमच्या घरी. फॉर्म २९ आणि ३० भरा, राज्यातल्या राज्यात विकत असाल तर १४ दिवसांत आरटीओला कळवा, राज्याबाहेर असेल तर एनओसी घेऊन ४५ दिवसांत. इन्शुरन्सपण त्याच्या नावावर व्हायला हवा. गाडी देताना तारीख आणि वेळ टाकून डिलिव्हरीची सही घ्या, आणि तुमच्या खात्याला जोडलेला फास्टॅग बंद करा नाहीतर टोल तुमच्याच खात्यातून कापला जाईल.

प्रश्न : मला मेसेज आलाय की कार लागली, टॅक्सचे १२,५०० भरा म्हणजे गाडी घरी येईल. तुम्हीच म्हणता टॅक्स आधी भरावा लागतो, मग खरं असेल का?

उत्तर : नाही हो, भरू नका! तुम्ही कुठे कुपन भरलं होतं का, स्पर्धेत भाग घेतला होता का? नाही ना. बक्षिसाचा टॅक्स ३० टक्के असतो, १२,५०० मध्ये कुठली नवी कार बसते बघा. आणि टॅक्स कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर जात नाही, तो सरकारी चलनाने तुमच्या पॅनवर जमा होतो आणि आयकर पोर्टलवर दिसतो. आधारचा फोटो, ओटीपी काहीही देऊ नका. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, म्हणजे १९३० ला, फोन लावा, उद्यावर ढकलू नका, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त.