'गाराम' या कोरियन नावाचा अर्थ काय? आपल्या 'गरम'शी काही संबंध आहे का?

नाही हो, गरमशी काही संबंध नाही. पण प्रश्न वाचून हसू आलं, कारण हाच गोंधळ मी दोन वर्षं रोज कानाने ऐकलाय. तुम्ही विचारलंय की सिरीयलमध्ये ऐकलेल्या गाराम नावाचा अर्थ काय, कोरियात ते किती चालतं, मुलाचं असतं की मुलीचं, आणि घरात येणाऱ्या बाळाला ठेवलं तर कसं. शेवटच्याचं उत्तर शेवटी देतो.

अर्थ एका शब्दात सांगायचा तर नदी.

पण आज कोरियात कोणी नदीला गाराम म्हणत नाही. नदीला रोजचा शब्द आहे 'गांग'. सोलमधून वाहते ती हानगांग, खाली बुसानकडे जाते ती नाकदोंगगांग. हा गांग चिनीतून आलेला, आणि गाराम हा त्यांचा अस्सल घरचा जुना शब्द, जो बोलण्यातून कधीच गेला. आपल्याकडे नदीला पूर आला म्हणतात, सरितेला पूर आला असं कोणी म्हणत नाही, पण मुलीचं नाव मात्र सरिता ठेवतात, साधारण तसंच समजा. फक्त त्यांचं उलटं झालंय: आपल्याकडे संस्कृत शब्द भारदस्त आणि देशी शब्द रोजचा, त्यांच्याकडे बाहेरून आलेला शब्द रोजचा झाला आणि घरचा शब्द कवितेत जाऊन बसला. असे बरेच आहेत. डोंगराला जुना शब्द मे, आता सान. ड्रॅगनला जुना मिर, आता योंग. जगाला जुना नुरी, जो त्यांनी २०२२ मध्ये यशस्वीपणे उडवलेल्या रॉकेटला दिला. मिर आणि नुरी ही दोन्ही माणसांची नावं पण असतात.

गाराम किती जुना ते बघायचं तर थेट १५व्या शतकात जावं लागतं. राजा सेजोंगने हांगुल लिपी १४४६ मध्ये जाहीर केली, त्यामुळे त्याच्या पुढची कोरियन आपल्याला अक्षरशः वाचता येते. १४८१ मध्ये तू फू या चिनी कवीच्या कवितांचं कोरियन भाषांतर आलं, त्यात एक ओळ आहे, नितळ नदीचं एक वळण गावाला कवेत घेऊन वाहतंय अशा अर्थाची. मूळ चिनी ओळीत नदीसाठी जे अक्षर आहे ना, ते तेच 'गांग'वालं. भाषांतर करणाऱ्यांनी तिथे गाराम लिहिलं. म्हणजे तेव्हा गांगचा अर्थ लोकांना समजावा म्हणून गाराम लिहायला लागायचं, आणि आज गारामचा अर्थ सांगायला गांग म्हणावं लागतं.

आणि आता गंमत ऐका. त्या काळी हा शब्द एका वेगळ्याच स्वराने लिहायचे, नुसतं एक टिंब, जो स्वर पुढे भाषेतून गेला आणि १९३३ च्या शुद्धलेखनात त्याचं टिंब पण गेलं. भाषातज्ज्ञ त्याचा उच्चार साधारण आपल्या 'अ'च्या जवळपास मानतात. त्या हिशोबाने ५०० वर्षांपूर्वीचा कोरियन माणूस हे जवळजवळ 'गरम' असंच म्हणत असणार! तेव्हा तुमचं अगदीच चुकलं नाही :)

हे नाव मला कसं माहीत, तर मी रांजणगावला एका कोरियन कंपनीत दुभाष्याचं काम करायचो. तिथे ऑफिसात कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही, आडनाव आणि पुढे हुद्दा, उदाहरणार्थ किम ग्वाजांगनीम, त्यामुळे आमच्या एका साहेबाचं पाळण्यातलं नाव मला तीन-चार महिने माहीतच नव्हतं. एकदा त्याचं व्हिजिटिंग कार्ड हातात आलं तर आडनाव चिनी अक्षरात आणि नाव, म्हणजे गाराम, नुसतं हांगुलमध्ये. बाकी सगळ्यांच्या कार्डावर तिन्ही चिनी अक्षरं. विचारलं तर म्हणाला माझ्या नावाला चिनी अक्षरंच नाहीत. चीनमधले सप्लायर आले की त्यांना याचं नाव लिहायचं कसं हा प्रश्न पडायचा, मग ते आवाजाला जुळणारी कुठली तरी दोन अक्षरं लिहून मोकळे व्हायचे.

ही अक्षरं नसणं हीच या नावाची खरी गोष्ट आहे. कोरियन नाव म्हणजे सहसा एक अक्षर आडनाव आणि दोन अक्षरं नाव, आणि त्या प्रत्येकाचा चिनी अक्षरातून अर्थ. त्यातलं एक अक्षर बऱ्याच घरांत पिढीचं असतं, म्हणजे सगळ्या भावंडांना, चुलतभावांना सारखं. शिवाय नाव काढून देणारी दुकानं असतात, जन्माची वेळ घेऊन पंचतत्त्वं आणि अक्षराच्या रेघा मोजून नाव सांगतात, आपल्या नावरस नावाचेच भाऊबंद. गाराम ठेवलं की पिढीचं अक्षर गेलं, चिनी रेघांचं गणित पण गेलं, मग आजोबा रुसणारच. आमच्या साहेबाच्या आजोबांनी म्हणे वर्षभर त्याला नुसतं 'बाळ' म्हटलं.

तरी लोकांनी अशी नावं ठेवली. जपानी राजवटीत १९४० पासून कोरियन लोकांवर जपानी धर्तीची नावं घ्यायची सक्ती झाली होती, त्यामुळे नंतर आपली भाषा आपली नावं हा विषय जिव्हाळ्याचा होता. १९६७ मध्ये सोल नॅशनल युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांनी अस्सल कोरियन सुंदर नावांची स्पर्धाच सुरू केली. पुढे ८० च्या दशकात आणि ९० च्या सुरुवातीला अशा नावांची लाट आली: हानुल म्हणजे आकाश, सुलगी म्हणजे शहाणपण, आरुम म्हणजे सौंदर्य, आणि आपलं गाराम. म्हणून आज जे गाराम भेटतात ते बरेचसे तिशी-चाळिशीतले. अभिनेता जंग गाराम १९९३ चा. पण टोपणनाव म्हणून हे त्याच्याही खूप आधी एका मोठ्या माणसाने घेतलं होतं, सिजो हा जुना काव्यप्रकार परत उभा करणारे कवी ई ब्योंगगी (१८९१-१९६८). १९४२ मध्ये कोरियन भाषेचा शब्दकोश करणाऱ्या मंडळींना जपानी पोलिसांनी धरलं त्यात हेही होते. त्यांना आजही 'गाराम' म्हणूनच ओळखतात.

लोकप्रियतेचं म्हणाल तर ऐकल्यावर कोणी दचकत नाही, पण प्रत्येक वर्गात सापडेल असंही नाही. २००० नंतर बरीच वर्षं मुलांमध्ये मिनजुन हे नाव टॉपला होतं, त्याच्या आसपास पण गाराम नाही. एकूणच अस्सल कोरियन नावांचं प्रमाण २००८ मध्ये नवीन बाळांत साडेतीन टक्क्यांच्या आसपास होतं, २०१५ पर्यंत ते पावणेआठच्या घरात गेलं, पण त्यात पुढे होते सारांग (प्रेम) आणि हानग्योल (कधी न बदलणारा). गाराम मुलगा-मुलगी दोघांना चालतं. आणि हांगुलमध्ये गा-राम असं दोनच अक्षरी असल्याने हजेरीपटात ते इतर नावांत बेमालूम मिसळतं, माझ्या मते म्हणूनच टिकलं. लांबलचक हौशी नावं इतकी वाढली होती की १९९३ मध्ये आडनाव सोडून पाच अक्षरांपर्यंतच असा नियम करावा लागला.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. कोरियनमध्ये गाराम असा अगदी सारखा ऐकू येणारा दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ बौद्ध मठ. नदीशी त्याचं काही नातं नाही, आणि तो शब्द आपला आहे! संस्कृत 'संघाराम' चिनीत जाऊन लांबला, मग कापला गेला, पुढचा 'सं' गेला, शेवट गळला, राहिलं 'घाराम'. कोरियनमध्ये त्याचं गाराम. तिकडे शाळेच्या इतिहासात देवळांची रचना शिकवतात तिला 'गाराम बेची' म्हणतात. आणि ह्युएन त्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला तेव्हा त्याने इथे शंभरावर मठ आणि पाच हजारांवर भिक्षू असल्याचं लिहिलंय, तिथे मठांसाठी त्याने वापरलेली दोन चिनी अक्षरं या मठवाल्या गारामचीच. मी हे साहेबाला सांगितलं तर तो आधी म्हणाला माझं नाव नदीवालं आहे, मठवालं नाही, आणि मग पुढच्याच रविवारी कार्ल्याला घेऊन चल म्हणून मागे लागला.

बाळासाठी म्हणाल तर अर्थ छान आहे, नदीची नावं ठेवायची आपल्याला सवय पण आहे. पण मराठीत लिहिताना 'गाराम' असंच लिहा, दोन्ही 'आ' नीट म्हणा. इंग्रजी स्पेलिंगवरून मात्र शाळेत सगळे गरमच वाचणार आणि पाठोपाठ मसाला येणार, ते तुम्ही थांबवू शकत नाही. आमच्या कँटीनच्या मामांनी 'गरमसाहेब' म्हणायला सुरुवात केली ती त्याची बदली होईपर्यंत, आणि नावाला जागायचं म्हणून त्याला चपाती कायम तव्यावरची द्यायचे. त्याला वाटायचं भारतात सगळ्यांनाच तशी मिळते.