नकार लपवू नका, आणि पैसे 28 दिवस हलवू नका

परदेशी शिकायला निघालेल्यांकडून या वेळी पैशांचे आणि तिकिटांचे प्रश्न ढीगभर आलेत. तरी सुरुवात व्हिसाच्या नकारापासून करते, कारण सर्वांत वाईट सल्ले त्याच बाबतीत फिरताहेत.

प्रश्न : अमेरिकेचा एफ-1 (विद्यार्थी) व्हिसा नाकारला गेला. मुलाखत दोन मिनिटांत आटोपली आणि हातात कलम 214(बी) लिहिलेला कागद आला. आता ब्रिटनला अर्ज करतोय. एजंट म्हणतो, नकाराचा उल्लेखच करू नकोस, त्यांना कुठे कळणार?

कळतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश इमिग्रेशनची माहिती एकमेकांना देतात आणि बोटांच्या ठशांवरून माणूस जुळवतात. ब्रिटनच्या अर्जात सरळच विचारलेलं असतं : कुठल्याही देशानं तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का? तिथे ‘नाही’ लिहिलंत की जुना नकार बाजूला राहतो आणि खोटेपणा समोर येतो. त्याबद्दल 10 वर्षांची बंदी येऊ शकते. कॅनडात अशाच लपवाछपवीला 5 वर्षं. आणि अर्जाखाली सही तुमची असते, एजंटची नव्हे.

आता तो कागद. अमेरिकेचा कायदा असं धरूनच चालतो की विद्यार्थी व्हिसा मागणारा तिथे कायमचा राहायला निघालाय. तसं नाही हे पटवायचं काम अर्जदाराचं. तुम्हाला ते त्या दिवशी पटवता आलं नाही, एवढाच 214(बी)चा अर्थ. ही काळी यादी नव्हे. त्यावर अपील नाही, पण पुन्हा अर्ज केव्हाही करता येतो. डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज नवा भरायचा, व्हिसाची फी नव्यानं भरायची. सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, 350 डॉलर मात्र त्याच प्रकारच्या व्हिसासाठी 12 महिन्यांच्या आत पुन्हा भरावे लागत नाहीत.

तीच उत्तरं घेऊन आठवड्याभरात परत रांगेत उभं राहण्यात मात्र काही हशील नाही. ‘हाच कोर्स का?’ यावर तुम्ही काय बोललात ते शब्दाला शब्द कागदावर उतरवा. ते विद्यापीठाच्या माहितीपत्रकातलं वाक्य निघालं, तर दोन मिनिटांचं कोडं तिथेच सुटतं. ‘जागतिक दर्जाचं शिक्षण’ हे अधिकाऱ्यानं त्या सकाळी चाळीस वेळा ऐकलेलं असतं. दुसऱ्या सत्रात कोणता विषय आहे, त्याचा तुमच्या आधीच्या शिक्षणाशी काय संबंध, पुढे त्याचं काय करणार, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईल तेव्हाच पुढची तारीख घ्या.

ब्रिटनच्या अर्जात नकाराची तारीख, देश, व्हिसाचा प्रकार आणि कलम लिहा. चार ओळी पुरे, रडगाणं नको.

प्रश्न : ब्रिटनच्या व्हिसासाठी लागणारी रक्कम मामांच्या खात्यात आहे. त्यांचं स्टेटमेंट आणि सहीचं पत्र जोडलं तर चालेल का?

नाही चालणार. खातं तुमचं, तुमच्या जोडीदाराचं, आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं असावं लागतं. मामांनी रक्कम तुमच्या किंवा आईच्या खात्यात टाकावी, म्हणजे प्रश्न मिटला. आईचं खातं दाखवणार असाल, तर जन्मदाखला आणि तिचं संमतीपत्र जोडा.

मात्र त्या दिवसापासून मोजणी सुरू होते. लागणारी रक्कम सलग 28 दिवस खात्यात हवी आणि त्या 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या 31 दिवसांत पडायला हवा. सलग म्हणजे अगदी सलग. मागे एका मुलीनं माझ्यासमोर स्टेटमेंट ठेवलं. पहिल्या दिवशी भरपूर, शेवटच्या दिवशी भरपूर, आणि मध्ये 19व्या दिवशी विमानाचं तिकीट काढलेलं. दोनच दिवस शिल्लक रेषेखाली गेली होती. पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागलं. बिचारीनं तिकीट स्वस्त मिळालं म्हणून घाई केली होती.

विद्यापीठाला भरलेली फी लागणाऱ्या रकमेतून वजा होते, पण ती ‘कॅस’वर (विद्यापीठ देतं त्या प्रवेशाच्या पत्रावर) नोंदलेली आहे ना, ते आधी बघा. जर्मनीला जाणाऱ्यांना ही मोजदाद करावी लागत नाही. तिथे बहुतेक जण गोठवलेलं खातं उघडतात, सध्या वर्षाचे 11,904 युरो एकदम भरायचे आणि तिथे पोहोचल्यावर महिन्याला 992 हाती येतात.

प्रश्न : फ्रँकफर्ट आणि पॅरिस अशी दोन ठिकाणी विमानं बदलणारं तिकीट खूप स्वस्त मिळतंय. विमानतळाबाहेर पाय ठेवणार नाही. मग ट्रान्झिट व्हिसा लागणार नाही ना?

हे तिकीट घेऊ नका. दोन्ही विमानतळ शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात, त्यामुळे मधलं उड्डाण देशांतर्गत धरलं जातं. म्हणजे फ्रँकफर्टलाच इमिग्रेशन पार करून तुम्ही शेंगेनमध्ये शिरता, मग तुमचा पाय विमानतळाबाहेर पडो न पडो. विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा असला तरी तो इथे चालत नाही. तुमच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागत असेल, तर तो पुरा व्हिसाच हवा. एकाच शेंगेन विमानतळावरून पुढे जाणार असाल, तर काही देशांच्या नागरिकांनाच ट्रान्झिट व्हिसा लागतो. आपला देश त्या यादीत आहे का, एवढं पाहायचं.

अमेरिकेत तर ‘आतल्या आत’ हा प्रकारच नाही. नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागतं आणि व्हिसा लागणाऱ्यांना तो आधी काढावा लागतो. दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास करणाऱ्यांनी आणखी सांभाळा : बॅग उचलून पुन्हा चेक-इन करायची वेळ आली, तर तिथेही बाहेर पडावं लागतं. काउंटरवरचा कर्मचारी याबाबतीत कडक असतो, कारण कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला बसतो.

प्रश्न : एफ-1 व्हिसा शिक्षण संपायच्या आधीच संपतोय. आणि कॉलेज सुरू होण्याच्या दीड महिना आधी गेलं तर चालेल का?

दीड महिना आधी नाही. आय-20वर (कॉलेजनं दिलेल्या प्रवेशाच्या फॉर्मवर) कोर्स सुरू होण्याची जी तारीख आहे, तिच्या 30 दिवस आधीपासूनच प्रवेश मिळतो.

पहिल्याची काळजी सोडा. व्हिसा हा दारात दाखवायचा कागद. आत किती दिवस राहता येईल ते आय-94वर, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर ठरतं, म्हणून उतरल्यावर ती नोंद ऑनलाइन उघडून नाव आणि व्हिसाचा प्रकार तपासा. शिक्षण चालू असताना व्हिसा संपला तरी राहता येतं. बाहेर जाऊन परतायचं असेल तेव्हा बहुतेक वेळा नवा काढावा लागतो.

कॅनडाला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा. तिथला स्टडी परमिट विमानतळावर छापून मिळतो आणि त्याची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. पासपोर्ट दीड वर्षात संपत असेल, तर परमिटही तेवढाच. निघण्याआधी नूतनीकरण करून घ्या. आणि परमिट हातात आला की काउंटरवरून हलण्याआधी नाव, जन्मतारीख, मुदत वाचा. मागच्या रांगेतले खाकरतील, खाकरू द्या.

प्रश्न : पॉवर बँक आणि रोजची औषधं कुठे ठेवू?

दोन्ही हातातल्या बॅगेत. पॉवर बँक चेक-इन सामानात चालतच नाही. मर्यादा 100 वॉट-अवर. 20,000 एमएएचची साधारण 74 भरते, 30,000ची 111 होते आणि मग विमान कंपनीची परवानगी लागते. औषधं मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांचं पत्र. जपानला जाणार असाल तर सर्दीच्या गोळीचंही पाकीट वाचा. स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त असेल तर आधी परवानगी घेतल्याशिवाय नेता येत नाही, आणि अ‍ॅम्फेटामिन असलेली औषधं तर चिठ्ठी असूनही बंद आहेत.