विद्यापीठात संगीताचे ग्रंथालय शून्यातून उभारायचे आहे, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विद्यापीठात संगीत विभाग नव्याने सुरू होतो आहे, ग्रंथालयाच्या कामाचा तुम्हाला अनुभव आहे, पण स्वरलिपीचा संग्रह कधी हाताळलेला नाही. त्यात देणगीत आलेल्या रेकॉर्ड आणि टेपची खोकी कोपऱ्यात पडून आहेत. खरेदी, तालिका, बांधणी, देवघेव हे सगळे कसे करायचे?

खोक्यांकडे शेवटी येतो. आज फक्त ती जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा, आणि आतल्या तबकड्या उभ्या आहेत ना एवढे पाहा.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. संगीताचा वाचक पुस्तक मागायला येत नाही. त्याला एखादी रचना हवी असते, आणि तीही ठरावीक रूपात. एकाच ऑपेराचा वाद्यवृंद-संचालकाचा मोठा स्कोअर (सगळ्या वाद्यांच्या आणि गायकांच्या ओळी एकाखाली एक छापलेली प्रत) असतो, अभ्यासाचा छोटा स्कोअर असतो, वाद्यवृंदाचा भाग पियानोवर उतरवलेला गायकांचा स्कोअर असतो, वाद्यांचे सुटे पार्ट (एकेका वाद्याची वेगळी छापलेली ओळ) असतात आणि नुसती संहिताही असते. गायिकेच्या हातात मोठा स्कोअर दिलात तर वीस ओळींच्या गर्दीत तिची एक ओळ हरवते आणि दर काही सेकंदांनी पान उलटावे लागते. संचालकाला छोटा स्कोअर दिलात तर स्टँडवरून त्याला अक्षर दिसत नाही. म्हणून खरेदीच्या यादीत नावापुढे ‘रूप’ असा स्वतंत्र रकाना ठेवा आणि तो रिकामा असेल तर मागणी पुढे पाठवू नका. नव्या संग्रहात पैसे वाया जातात ते बहुतेक इथेच.

यातल्या काही खाचाखोचा आधीच माहीत असलेल्या बऱ्या. स्ट्रिंग क्वार्टेटचा स्कोअर विश्लेषणाला लागतो, वाजवायला चार पार्ट लागतात. दोन्ही घ्या, कारण बहुतेक प्रकाशक ते वेगवेगळे विकतात. व्हायोलिन-पियानो सोनाटात पियानोच्या प्रतीत व्हायोलिनची ओळ वर छापलेली असते आणि व्हायोलिनचा पार्ट सुटा असतो, म्हणजे नग दोन. दोन पियानोंची रचना पुष्कळदा स्कोअरच्याच रूपात छापलेली असते, त्यामुळे वाजवायला दोन प्रती लागतात. एकच घेतली तर ती कपाटातच राहते. गीतांचे संग्रह उंच, मध्यम आणि खालच्या आवाजासाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत निघतात. मुखपृष्ठ तेच, रंग तोच, पट्टी मात्र वेगळी. मागणीत आवाज लिहिला नाही तर विक्रेता हाताशी असेल तो खंड पाठवतो.

काय घ्यायचे हे ठरवण्यासाठी विभागाकडून चार गोष्टी लेखी मागा: कोणती वाद्ये आणि गायन शिकवले जाणार, कोणते समूह वाजणार, परीक्षेच्या रचनांच्या याद्या आणि संशोधनाचे विषय. मग प्रत्येक शाखेला पातळी लावा. पियानो पदव्युत्तर असेल तर तिथे संशोधनाच्या पातळीचा संग्रह हवा. गिटार फक्त ऐच्छिक विषय असेल तर तिथे मूलभूत रचना पुरतात. ही यादी कुलसचिवांच्या सहीने मंजूर करून घ्या. पुढे एखादे प्राध्यापक आपल्या आवडीचा चाळीस खंडांचा संच मागतील, तेव्हा हाच कागद तुमच्या कामी येईल.

आवृत्तीच्या बाबतीत तडजोड करू नका. जुन्या आवृत्त्यांत संपादकाने स्वतःच्या आवडीचे आघात, गतीच्या खुणा, बोटांचे क्रमांक घातलेले असतात आणि ते रचनाकाराचे की संपादकाचे हे पानावरून कळत नाही. उर्टेक्स्ट आणि चिकित्सक आवृत्त्या मूळ हस्तलिखितांशी व पहिल्या छपाईशी ताडून केलेल्या असतात आणि कुठे काय बदलले ते टिपांत सांगतात. बाखच्या समग्र रचनांची पहिली मोठी आवृत्ती १८५१ ते १८९९ या काळात निघाली. नवी १९५४ पासून २००७ पर्यंत चालली. आंतरजालावर मोफत मिळते ते बहुतांशी पहिल्या आवृत्तीचे किंवा तिच्या काळातले, कारण त्यावरचा प्रताधिकार संपलेला आहे. चाळायला ते उत्तम, पण प्रबंधाचा आधार म्हणून अपुरे. स्वस्त पुनर्मुद्रणांचेही तेच, म्हणून मुद्रणवर्षावर जाऊ नका, आत मूळ कोणती आवृत्ती छापली आहे ते पाहा. ब्रुकनरच्या सिंफनींत तर हास आणि नोवाक या संपादकांच्या आवृत्त्यांत संगीतच काही ठिकाणी वेगळे आहे. तिथे संपादकाचे नाव मागणीत हवेच.

वाद्यवृंदाचे सगळे पार्ट विकत मिळतील असे धरून चालू नका. विसाव्या शतकातल्या अनेक रचनांचे पार्ट प्रकाशक फक्त भाड्याने देतात. तिथे अभ्यासाचा स्कोअर ग्रंथालयाने घ्यावा आणि पार्टचे भाडे वाद्यवृंदाच्या अंदाजपत्रकात टाकावे. दोन्ही हिशेब एकत्र ठेवले की ग्रंथालयाची वर्षाची खरेदी एका मैफलीत संपते.

आता तालिका. संगीताच्या तालिकेचा कणा म्हणजे एकरूप शीर्षक, म्हणजे एका रचनेसाठी सगळीकडे वापरायचे एकच ठरवलेले नाव. एकच रचना जर्मन, फ्रेंच, इंग्रजी, इटालियन मुखपृष्ठांवर वेगवेगळ्या नावाने येते. बीथोव्हनचे ‘मूनलाइट’ हे नाव त्याने दिलेले नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर रूढ झाले. तालिकेत ती रचना सोनाटा, पियानो, क्रमांक १४, ओपस २७ क्रमांक २ अशीच उभी राहिली पाहिजे, आणि टोपणनावावरून तिथे निर्देश हवा. क्रमांकांवरही आंधळा विश्वास नको. ड्वोर्झाकची ‘नव्या जगातून’ सिंफनी पूर्वी पाचवी म्हणून छापली गेली, आज ती नववी आहे. शूबर्टची मोठी सी मेजर सिंफनी कुठे सातवी, कुठे आठवी, कुठे नववी म्हणून सापडते. म्हणून त्या त्या रचनाकाराच्या प्रमाण सूचीतला क्रमांक, म्हणजे मोत्सार्टला केशेल, शूबर्टला डॉइच, बाखला बीडब्ल्यूव्ही क्रमांक नोंदवल्याशिवाय नोंद पूर्ण समजू नका.

मार्क नोंदीत (संगणकावरच्या तालिकेच्या प्रमाण साच्यात) पाच जागा मनापासून भरा: २४० मध्ये एकरूप शीर्षक, ०२८ मध्ये प्रकाशकाचा किंवा प्लेटचा (छपाईच्या पत्र्याचा) क्रमांक, ३८२ मध्ये वाद्ये व त्यांची संख्या, ३०० मध्ये ‘१ स्कोअर + ४ पार्ट’ असे नेमके वर्णन, आणि ५०५ मध्ये संग्रहातल्या प्रत्येक रचनेचे नाव. प्लेटचा क्रमांक प्रत्येक पानाच्या तळाशी मधोमध बारीक अक्षरात छापलेला असतो. जुन्या छपाईवर वर्ष नसते, तेव्हा काळ ठरवायला याच क्रमांकाचा आधार असतो. ५०५ भरायला कंटाळा येतो, पण गीतसंग्रहातले एक गीत शोधणाऱ्याला संग्रहाचे नाव माहीतच नसते.

हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणांना हा साचा तसाच लावू नका. तिथे शोधणारा रागावरून, तालावरून, कलाकारावरून आणि बंदिशीच्या मुखड्यावरून येतो. एकाच मुद्रणात विलंबित ख्याल, द्रुत आणि शेवटी ठुमरी असेल तर तिन्हींची वेगळी नोंद हवी. साथीदारांची नावे, जागा आणि तारीखही हवी, कारण तोच राग त्याच गायकाने दहा वेळा गायलेला असतो. रागनामांची एक प्रमाण यादी आधीच करा: मालकंस आणि मालकौंस एकाच ठिकाणी आले पाहिजेत, पण यमन आणि यमन कल्याण तुमच्या मनाने एक करू नका, ते विभागातल्या गुरुजनांना विचारून ठरवा. छापील बंदिशींच्या पुस्तकात स्वरलिपीची भातखंडे पद्धत आहे की पलुस्कर पद्धत, हे टिपेत लिहा. एका पद्धतीत तयार झालेला विद्यार्थी दुसरी सरळ वाचू शकत नाही.

वर्गीकरणाला फार दिवस घालवू नका. लायब्ररी ऑफ काँग्रेस पद्धतीत एम म्हणजे छापील संगीत, एमएल म्हणजे संगीताविषयीचे लेखन, एमटी म्हणजे शिकवण्याचे साहित्य. क्वार्टेट एम ४५२ मध्ये, सिंफनीचे स्कोअर एम १००१ मध्ये. ड्युईची दशांश वर्गीकरण पद्धत वापरत असाल तर ७८० मध्ये स्कोअर आणि पुस्तके एकाच अंकाखाली मिसळतात, म्हणून स्कोअरला वेगळे उपचिन्ह लावा. विद्यापीठात आधीपासून ड्युई असली तरी स्कोअरपुरती मी काँग्रेस पद्धतच घेईन.

बांधणीवर मात्र वेळ घालवा. नेहमीचा बाइंडर पुस्तकाच्या सवयीने स्कोअरच्या कडा कापतो आणि कण्याजवळून आडवी शिलाई मारतो. कडा कापल्या की पेन्सिलच्या खुणा आणि कधी स्वरही जातात. आडव्या शिलाईने आतला समास खाल्ला जातो आणि स्कोअर स्टँडवर उघडा राहत नाही, आपोआप मिटतो. त्याला लेखी सांगा: कापायचे नाही, घडीतूनच शिवायचे.

पातळ पार्ट घरातल्या घरात शिवता येतात. सोळा पानी पार्ट मध्यावर उघडा, घडीत तीन भोके पाडा: एक मधोमध, बाकी दोन वरच्या व खालच्या कडेपासून तीन-चार सेंटिमीटर आत. जाड लिननचा दोरा मधल्या भोकातून आतून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतून थेट खालच्या भोकापर्यंत नेऊन बाहेर काढा आणि परत मधल्या भोकातून आत आणा. दोन्ही टोके आता आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली, त्याच्यावर गाठ मारा. मूळ स्टेपल आधी काढून टाका, ते गंजून घडीच कापतात. चिकटपट्टी कुठेही नको. ती पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात उतरतो. पार्ट स्कोअरला शिवायचे नाहीत, मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या खिशात ठेवायचे. पुठ्ठा आणि खिसा आम्लरहित हवेत. बहुतेक स्कोअरना कण्यावर लिहिण्याइतकी जाडी नसते, म्हणून बोधांकाचे (फळीवरची जागा सांगणाऱ्या क्रमांकाचे) लेबल पुढच्या पुठ्ठ्यावर खाली डाव्या कोपऱ्यात लावा.

बारकोड एकच, बाहेरच्या पुठ्ठ्यावर. पण शिक्का आणि बोधांक प्रत्येक पार्टवर, ‘४ पैकी ३’ असे लिहून. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात ‘१ स्कोअर, ४ पार्ट’ ही चिठ्ठी लावा आणि देताना, घेताना दोन्ही वेळा वाचकासमोर मोजा. दहा सेकंदांचे काम आहे. व्हिओलाचा एक पार्ट गेला की अख्खा संच वाजवण्यासाठी निकामी होतो. हरवलेला पार्ट लगेच छायाप्रतीने भरू नका, प्रताधिकार असेल तर ते बेकायदा ठरू शकते. आधी प्रकाशकाला विचारा, काही प्रकाशक सुटा पार्ट देतात.

ऑनलाइन ध्वनिसंग्रहाचे सदस्यत्व जरूर घ्या, पण परवाना मालकी देत नाही. आज असलेले मुद्रण उद्या यादीतून जाऊ शकते. अभ्यासक्रमात नेमलेली मुद्रणे शक्य तिथे विकत घेऊन ठेवा, आणि करारात एका वेळी किती जण ऐकू शकतात तो आकडा वाचल्याशिवाय सही करू नका. परीक्षेच्या आठवड्यात तो कमी पडतो.

आता ती खोकी. एलपी आणि ७८ फेऱ्यांच्या तबकड्या नेहमी उभ्या, सरळ, न कलता ठेवायच्या. दर दहा-पंधरा सेंटिमीटरला पक्का आधार हवा. मीटरभर एलपींचे वजन साठ किलोच्या वर जाते, साधी पुस्तकाची फळी वाकते. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या बहुतेक लाखेच्या असतात, त्यांना अल्कोहोल असलेले द्रावण लावू नका, लाख त्यात विरघळते. त्यांना सुईही वेगळी लागते: एलपीची टोकाला साधारण २५ मायक्रॉन, ७८ ची ७५ च्या आसपास. एलपीच्या सुईने वाजवलीत तर ती खोबणीच्या तळाशी घसरते आणि खरखर फार वाढते.

टेप मात्र सर्वांत आधी पाहा. खोके उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर ती ॲसिटेटची (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकच्या पट्टीची) टेप आहे आणि तिचे विघटन सुरू झाले आहे. ती आजच बाकीच्यांपासून वेगळी करा. रीळ उजेडासमोर धरा: ॲसिटेटच्या गुंडाळीतून उजेड आरपार झिरपतो, पॉलिएस्टरच्या येत नाही. पॉलिएस्टरची टेप वाजवताना किंचाळत असेल किंवा हेडवर तपकिरी चिकट थर सोडत असेल तर लगेच थांबवा. तिच्यातल्या बांधणद्रव्याने (चुंबकीय भुकटी पट्टीला चिकटवणाऱ्या द्रव्याने) ओलावा शोषलेला असतो. असा टेप तज्ज्ञ मंडळी ५० अंशांच्या जरा वर काही तास तापवून तात्पुरता वाजण्याजोगा करतात, पण हा उपाय ॲसिटेटला कधीही नाही. ॲल्युमिनियमवर काळा लेप असलेल्या तबकड्या सापडल्या आणि त्यांवर पांढरा थर दिसला तर त्याही पहिल्या रांगेत घ्या. लेप भेगाळला की आवाज कायमचा गेला.

अंकीकरण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटला, वेव्ह स्वरूपात करा. दुहेरी (स्टिरिओ) ध्वनीच्या एका तासाला साधारण दोन जीबी लागतात, आणि प्रती दोन, वेगळ्या इमारतींत. रीळ परत डब्यात जाण्याआधी डब्यावरचा, पाकिटावरचा, आतल्या चिठ्ठीवरचा प्रत्येक शब्द छायाचित्रात घ्या. गायक कोण, साथीला कोण, कुठल्या दिवशी, हे बहुतेकदा फक्त तिथेच लिहिलेले असते.

आणि पुढची खोकी दारात येण्याआधी देणगीपत्राचा नमुना तयार ठेवा. त्यात एक वाक्य असू द्या: ग्रंथालयाला नको असलेले नग ते दुसरीकडे देऊ शकेल. नाहीतर एकाच लोकप्रिय एलपीच्या अकरा प्रती तुम्हाला कायम सांभाळाव्या लागतील.