‘असं बोलू नका काका’ म्हणाले आणि पुढच्या बेडकडे गेले

प्रश्न : मी पुण्यात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेडिसिन वॉर्डात बीपी घेत होते, तेव्हा डायलिसिसवरचे एक काका म्हणाले, ‘मी गेलो की पोरांची तरी सुटका होईल.’ मी ‘असं बोलू नका काका’ म्हणाले आणि पुढच्या बेडकडे गेले. खोदून विचारलं तर नको तो विचार मीच त्यांच्या डोक्यात घालेन, अशी भीती वाटली. तेव्हापासून मला झोप नाही. मी नर्सिंगच्या लायकीची नाही का? की आता मानसोपचार नर्सिंगच करावं? आई म्हणते, येरवड्याच्या मनोरुग्णालयात नोकरी करणाऱ्या मुलीला स्थळं कोण आणणार?

उत्तर : तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी फोन करून एवढंच सांगितलं होतं, की सकाळची वाट न बघता इनचार्ज सिस्टरना कळव. तू कळवलंस, मानसोपचार विभागाला कॉल गेला, डॉक्टर काकांशी बोलून गेले. म्हणजे काम दोन दिवस उशिरा झालं, पण झालं. आता बाकीचं निवांत बोलू.

मरणाचा विषय निघाला की ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून समोरच्याला गप्प करायचं, हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. वॉर्डात मात्र त्याचा अर्थ पेशंट असा घेतो की, या सिस्टरला हे ऐकवत नाही. मग तो दुसऱ्या कुणालाही सांगत नाही. विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरतो ही तुझी भीती पुष्कळांना असते, पण संशोधनात ती टिकलेली नाही. सरळ विचारलं की बऱ्याच जणांना उलट हायसं वाटतं.

विचारायचं कसं? आधी बीपीचा कफ सोड, स्टेथो खिशात टाक आणि स्टूल ओढून बस. पाय दाराकडे वळवून उभ्या असलेल्या माणसाला कुणी मनातलं सांगत नाही. मग त्यांचाच शब्द घे : ‘काका, मघाशी सुटका होईल म्हणालात. जगणं नकोसं झालंय का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ ‘हो’ म्हणाले, तर काही ठरवलंय का, याआधी कधी तसं केलं होतं का, हे विचार. आणि आत्तापर्यंत कशामुळे थांबलात, हेही. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण पुढचा आधार बहुतेक वेळा त्याच उत्तरात सापडतो. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र कधीही देऊ नकोस. त्यांना एकटं न सोडता वॉर्डातल्या मावशींना पाठवून सिस्टरना बोलावून घे. केसपेपरवर ‘रुग्ण उदास’ एवढंच लिहू नकोस, त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिही आणि पाळी बदलताना ओव्हर देतानाही तोंडी सांग. रात्रपाळीच्या सिस्टरना ‘उदास’ या शब्दावरून काय कळणार?

पुढे तुला आत्महत्येचा धोका तपासायचे, कोलंबिया स्केलसारखे फॉर्म शिकवतील. ते शिक, कारण अवघड प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे हे त्यातून हातात बसतं. पण आकड्यावर विसंबू नकोस. ब्रिटनच्या, उपचारांबद्दल मार्गदर्शन करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात स्पष्टच म्हटलंय की, पुढे कोण आत्महत्या करेल याचं भाकीत करायला असे स्केल वापरू नयेत. ‘लो रिस्क’ची टिकमार्क म्हणजे काळजी मिटली, असं नाही. अचानक शांत झालेला पेशंटही बघावा लागतो. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे तर जास्तच जोखमीचे, आणि तेव्हा वॉर्ड नसतो, घर असतं. आपल्याकडे बेडजवळ रात्रभर एक नातेवाईक बसलेला असतो, त्याला नीट समजावून सांगणं हेही नर्सचंच काम. पोलिसांच्या भीतीने घरचे लपवालपवी करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ त्यांना सांगता आलं पाहिजे : आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच कायदा गृहीत धरतो, आणि तिला उपचार देणं ही सरकारची जबाबदारी मानतो.

आता करिअरचं. अपराधीपणातून स्पेशलायझेशन निवडू नकोस. तुझे काका मेडिसिन वॉर्डात होते, मानसोपचारात नव्हे. हे कौशल्य कॅज्युअल्टीत, बाळंतिणींच्या वॉर्डात, कॅन्सरच्या ओपीडीत, सगळीकडे लागतं. यंदाच्या मानसोपचार पोस्टिंगमध्ये ते काम तुला ओढून घेतं का बघ. ओढलं तर दोन वाटा आहेत : एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा, किंवा दोन वर्षांचं एम.एस्सी. नर्सिंग. एम.एस्सी.आधी वर्षभराचा अनुभव लागतोच. तो जनरल वॉर्डात घे, असा माझा हट्ट आहे, कारण शरीराचा आजार ओळखू न येणारी मानसोपचार नर्स धोकादायक असते. पुढे येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालयं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, व्यसनमुक्ती केंद्रं, नर्सिंग कॉलेजातलं शिकवणं, अशी कामं असतात. सरकारी जागा जाहिरात निघेल तेव्हाच, हे धरून चाल.

आईंना माझा निरोप दे : येरवड्याच्या नावाने पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या विनोद करत आलेत, पण १९८६ पासून याच शहरातल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात लोक आपल्या माणसांना स्वतःहून घेऊन येतात. स्थळांचा अंदाज बांधणं मात्र माझं शास्त्र नाही.

राहिली तुझी झोप. क्लिनिकल इन्स्ट्रक्टरशी या आठवड्यातच बोल. त्या ‘एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं’ म्हणाल्या, तर दुसऱ्या कुणाशी बोल. आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तू पेशंटला देशीलच, तोच आधी स्वतः लावून बघ. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मी नर्सिंगची आहे, असं सांगायला लाजू नकोस.